थकलेले हृदय आणि झिजणारे स्नायू

दसरा-दिवाळी आटोपली की बीड जिल्ह्यातील गावोगावच्या वाटा माणसांनी भरून जातात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी बैलगाड्या, ट्रक आणि ट्रॅक्टरमध्ये संसार बांधून पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या फडांकडे निघतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' असे ज्यांचे मोजमाप केले जाते, ते हे कष्टकरी पाच-सहा महिन्यांनी, गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. तोवर धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर, केज, परळी या तालुक्यांतील कित्येक वाड्या-तांड्यांवर मागे उरतात ती म्हातारी माणसे, शाळेत जाणारी नातवंडे आणि दावणीची जनावरे.

परतून आलेल्या मुलाला अनेकदा आपली आई किंवा वडील ओळखू येईनासे झालेले असतात. खांदे उतरलेले, गालफडे बसलेली, दंड काटकुळे. पावले मात्र सुजलेली. 'वय झाले, अंग झिजले' असे म्हणून घरातील माणसे या अवस्थेचा स्वीकार करतात. परंतु ही झीज नेहमीच केवळ वयाची नसते. जुना रक्तदाब, येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका, मधुमेह किंवा लहानपणीच्या सांधेतापाने निकामी झालेल्या हृदयाच्या झडपा यांमुळे ज्यांचे हृदय दुबळे झाले आहे, अशा वृद्धांच्या शरीरातील स्नायू नेहमीपेक्षा अधिक वेगाने झडतात. वेळीच ओळखली तर ही झीज रोखता येते आणि काही अंशी भरूनही काढता येते. म्हणूनच तिची माहिती घराघरात असणे अगत्याचे आहे.

हृदय थकते म्हणजे काय?

ज्याला डॉक्टर 'हार्ट फेल्युअर' म्हणतात, त्या विकारात हृदय बंद पडलेले नसते. शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलण्याची त्याची शक्ती कमी पडते एवढाच त्याचा अर्थ. विहिरीवरील पंप जुना झाला की तो चालतो, पण शेवटच्या सरीपर्यंत पाणी पोहोचत नाही. तसेच हे आहे. रक्त पुढे कमी जाते आणि मागे तुंबते. फुफ्फुसात तुंबले की दम लागतो आणि रात्री उताणे झोपता येत नाही. पाय, यकृत आणि आतड्यांत तुंबले की सूज येते, पोट जड वाटते आणि अन्नावरची वासना उडते.

हा विकार पाश्चात्त्य देशांत बहुधा सत्तरीच्या पुढे आढळतो. आपल्याकडे तो बराच आधी गाठतो. त्रिवेंद्रम येथे २०१३ मध्ये १,२०५ रुग्णांची नोंदवही ठेवण्यात आली, तेव्हा त्यांचे सरासरी वय ६१ वर्षे भरले आणि सुमारे ७२ टक्के रुग्णांत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार हे मूळ कारण होते. पुढे देशातील ५३ रुग्णालयांतून १०,८५१ रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही तयार झाली, तिच्यातही सरासरी वय साठीच्याच आसपास राहिले. म्हणजे ज्या वयात माणूस अजून शेतात जातो, शेळ्या राखतो, नातवंडे सांभाळतो, त्याच वयात हा विकार त्याला खाटेवर बसवतो.

स्नायू का झडतात?

प्रौढ माणसाच्या वजनाचा मोठा वाटा, सुमारे चाळीस टक्के, हाडांना जोडलेल्या स्नायूंचा असतो. तिशीनंतर हे भांडवल हळूहळू घटू लागते आणि साठीनंतर ही घट वाढते. वार्धक्यातील या स्नायुक्षयाला वैद्यकशास्त्रात 'सार्कोपेनिया' म्हणतात. अमेरिकन शास्त्रज्ञ आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८८ मध्ये मांस आणि उणीव या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून हे नाव सुचविले. हृदयविकारात सर्व शरीरच खंगू लागते, वजन घटत जाते, त्या पुढील अवस्थेस 'कॅकेक्सिया' असे नाव आहे. युरोपात झालेल्या एका पाहणीत हृदय दुबळे झालेल्या २०० रुग्णांपैकी सुमारे वीस टक्के रुग्णांमध्ये सार्कोपेनिया आढळला.

दुबळ्या हृदयामुळे ही झीज वाढण्याची कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. पहिले कारण आतड्यांतील तुंबलेले रक्त. त्यामुळे भूक मंदावते, चार घासांत पोट भरल्यासारखे होते आणि खाल्लेले अन्नही नीट अंगी लागत नाही. दुसरे असे की, दीर्घकाळच्या आजारात रक्तात दाह निर्माण करणारी द्रव्ये वाढतात. ती स्नायूंतील प्रथिने मोडण्यास चालना देतात आणि नवीन प्रथिने बांधण्याचे काम मंदावतात. तिसरे, स्नायूंना रक्त आणि प्राणवायू कमी मिळाल्याने त्यांची आतील रचनाच बदलते. दीर्घकाळ न थकता काम करणारे तंतू कमी होतात. चौथे आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे निश्चलता. दम लागतो म्हणून माणूस हालचाल टाळतो, हालचाल टाळल्याने स्नायू आणखी दुबळे होतात आणि दुबळ्या स्नायूंमुळे पूर्वीपेक्षा कमी श्रमातही दम लागू लागतो. हे चक्र एकदा सुरू झाले की ते आपोआप थांबत नाही.

अंथरुणावर पडून राहण्याची किंमत किती मोठी असते, याचे एक उदाहरण बोलके आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षे वयाच्या बारा निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवण्यात आले. तेवढ्या अवधीत त्यांच्या पायांतील जवळजवळ एक किलो मांस कमी झाले. निरोगी माणसाची ही गत, तर आजारी आणि अर्धपोटी माणसाची काय होत असेल, याची कल्पना करता येईल.

फसवा काटा

या विकारात सर्वांत मोठी फसगत वजनकाट्यावर होते. स्नायू झडून वजन कमी होत असते, त्याच वेळी अंगात पाणी साठून ते वाढत असते. दोन्हींची बेरीज-वजाबाकी होऊन काटा जागच्या जागी राहतो आणि 'वजन तर उतरले नाही' असे सर्वांना वाटते. पुढे लघवी वाढविणाऱ्या औषधाने सूज ओसरली की आत काय उरले आहे ते एकदम दिसते.

सूज वगळता होणारी वजनातील घट किती गंभीर समजावी, हे १९९७ मध्ये लंडनमधील एका अभ्यासाने दाखवून दिले. त्यात १७१ रुग्णांची पाहणी करण्यात आली. सहा महिन्यांहून अधिक काळात ज्यांचे वजन साडेसात टक्क्यांहून जास्त घटले होते, त्यांच्यापैकी निम्मे दीड वर्षाच्या आत दगावले. इतरांमध्ये हे प्रमाण १७ टक्के होते. साठ किलोच्या माणसाच्या बाबतीत साडेसात टक्के म्हणजे साडेचार किलो. सहा महिने म्हणजे जवळजवळ एका ऊसतोड हंगामाचा काळ. बीड जिल्ह्याच्या दृष्टीने हा योगायोग विचार करण्यासारखा आहे.

म्हणून काट्याबरोबर डोळ्यांनीही पाहावे लागते. सूज बहुधा पायांवर, पोटावर आणि कमरेवर उतरते. खांदे, दंड व हात यांवर झीज आधी उघडी पडते. धोतराची गाठ पोटावर घट्ट होत असतानाच सदरा खांद्यावरून ओघळू लागला, चोळीची बाही सैल झाली, बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या, तर ती वयाची सहज खूण समजू नये. भरलेला तांब्या उचलताना हात कापणे, बरणीचे झाकण न उघडणे, खाटेवरून उठताना प्रत्येक वेळी हातांचा आधार घ्यावा लागणे, चालताना पाऊल घासणे, वरचेवर पडणे ही सर्व लक्षणे स्नायूंची शक्ती घटल्याची आहेत.

आशियातील तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये यासाठी काही सोपी मापे ठरवून दिली. हात छातीशी घडी करून खुर्चीवरून लागोपाठ पाच वेळा उठण्या-बसण्यास १२ सेकंद वा अधिक लागत असतील, तर पुढील तपासणी करावी. पोटरीचा सर्वांत जाड भागाचा घेर पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तरीही ती शंकेची जागा होय. मात्र पाय सुजलेले असताना पोटरीचे माप खोटे ठरते. अशा वेळी हाताच्या पकडीचा जोर अधिक विश्वासार्ह असतो. तो मोजण्याचे यंत्र रुग्णालयात असू शकते. पुरुषांत २८ किलो आणि स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी जोर भरल्यास स्नायू दुबळे समजले जातात.

ताटातील उणीव

स्नायू प्रथिनांचे बनलेले असतात. निरोगी वृद्धांना दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम आणि दीर्घ आजारात त्याहून थोडी अधिक प्रथिने मिळावीत, असे तज्ज्ञांचे मत आहे. पन्नास किलोच्या वृद्धासाठी हा हिशेब किमान ५० ते ६० ग्रॅम होतो.

आता घरी एकट्या राहिलेल्या वृद्धाचे ताट पाहू. दिवसभरात ज्वारीच्या दोन भाकरी, पातळ आमटी, ठेचा, लोणचे आणि दोन वेळा चहा. दोन भाकरींतून सुमारे १२ ग्रॅम, आमटीतील मूठभर डाळीतून ४ ग्रॅम आणि चहातील दुधातून दोन-तीन ग्रॅम. एकूण वीसच्या आत-बाहेर. म्हणजे गरजेच्या निम्मीही प्रथिने पोटात जात नाहीत. स्वस्त धान्य दुकानातील गहू-तांदळाने पोटाची आग शमते. पण स्नायूंची भूक त्याने भागत नाही. शिवाय एकट्यासाठी चूल पेटविण्याचा कंटाळा आणि नातवंडांच्या ताटात आधी वाढण्याची सवय यांमुळे जे आहे तेही कमी खाल्ले जाते.

ही उणीव परक्या वस्तूंनी भरून काढण्याची आवश्यकता नाही. पातळ आमटीऐवजी दाट वरण केले, तर ५० ग्रॅम डाळीतून १० ते ११ ग्रॅम प्रथिने मिळतात. एका पेल्यातील २०० मिलिलिटर दुधातून ६ ते ७, एका अंड्यातून ६, मूठभर म्हणजे २५ ग्रॅम भाजलेल्या, बिनखारी शेंगदाण्यांतून ६, आणि वाटीभर दह्यातून ३ ग्रॅम. अंडी न खाणाऱ्यांना सोयाबीनच्या वड्या उपयोगी पडतात. वीस ग्रॅम वड्यांत सुमारे दहा ग्रॅम प्रथिने असतात. बीड जिल्ह्यात सोयाबीन आणि तूर मोठ्या प्रमाणात पिकते. पिकविणाऱ्याच्या घरातील वृद्धाच्या ताटात ती यावी, एवढेच पाहायचे आहे. भूक मंद असल्यास दोन मोठ्या जेवणांऐवजी दिवसातून पाच वेळा थोडे थोडे खावे. दात नसतील तर भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करावी आणि शेंगदाण्यांचे कूट करावे.

दोन पथ्ये मात्र विसरता कामा नयेत. पहिले मिठाचे. मीठ अंगात पाणी धरून ठेवते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅम म्हणजे एक लहान चमचाभर मिठाची मर्यादा सांगितली आहे. ठेचा, लोणचे, पापड, खारे दाणे आणि फरसाण यांतून ती नकळत ओलांडली जाते. जेवणाची चव लिंबू, कोथिंबीर, लसूण, जिरे यांनी राखता येते. दुकानात मिळणारे 'कमी सोडियमचे' मीठ पोटॅशियमयुक्त असल्याने या विकाराची काही औषधे घेणाऱ्यांना ते अपायकारक ठरू शकते. डॉक्टरांना विचारल्यावाचून ते वापरू नये. दुसरे पथ्य मूत्रपिंडाचे. ज्यांची मूत्रपिंडे दुबळी आहेत, त्यांनी प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे.

विश्रांती किती, हालचाल किती?

दुबळ्या हृदयाच्या रुग्णाने पडून राहावे, ही समजूत एकेकाळी डॉक्टरांचीही होती. १९६०च्या दशकात अशा रुग्णांना महिनोन् महिने सक्तीची विश्रांती देण्याचा पुरस्कार केला जात असे. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून झालेल्या प्रयोगांनी हे मत बदलले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात २,३३१ रुग्णांचा समावेश होता. स्थिर प्रकृतीच्या रुग्णांना देखरेखीखालील व्यायाम सुरक्षित असल्याचे त्यात दिसून आले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात विकार बळावल्याने रुग्णालयात दाखल झालेले ३४९ वृद्ध होते. ज्यांना शक्ती, तोल, चालणे आणि दमसास यांचे क्रमाक्रमाने शिक्षण दिले, त्यांची उठण्या-बसण्याची व चालण्याची क्षमता तीन महिन्यांत इतरांपेक्षा स्पष्टपणे सुधारली. पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण मात्र त्यामुळे फारसे घटले नाही. व्यायाम औषधांची जागा घेत नाही. तो माणसाला आपल्या पायांवर उभे ठेवतो.

यासाठी कोणत्याही साधनाची गरज नाही. दम व सूज आटोक्यात आल्यावर आणि डॉक्टरांनी संमती दिल्यावर पुढीलप्रमाणे आरंभ करावा. भिंतीला टेकविलेल्या खुर्चीवरून किंवा उंच ओट्यावरून सावकाश पाच वेळा उठावे व बसावे. आठवडाभराने संख्या वाढवावी. भिंतीला हात टेकून टाचा उचलाव्यात. पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली प्रत्येक हातात धरून कोपरातून वर-खाली करावी. असे व्यायाम आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरेसे आहेत. इतर दिवशी सकाळी उन्हे तापण्यापूर्वी सपाट वाटेने, सोबत्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने चालावे. प्रारंभी पाच मिनिटेही पुष्कळ होतात. जोर लावताना श्वास रोखून धरू नये. छातीत दुखणे, घेरी, धडधड किंवा बोलता न येण्याइतका दम यांपैकी काहीही झाल्यास तत्काळ थांबावे आणि वैद्यकीय साहाय्य घ्यावे.

गोळ्यांविषयी थोडे

हृदयविकारातील स्नायुक्षय भरून काढणारी मान्यताप्राप्त गोळी आजमितीस उपलब्ध नाही. त्यामुळे ताकदीची म्हणून विकली जाणारी टॉनिके आणि इंजेक्शने यांवर पैसा खर्च करणे व्यर्थ होय. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि स्टिरॉइड ही औषधे तर अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि आवरलेला विकार पुन्हा उफाळतो. याउलट, हृदयाची नेमून दिलेली औषधे मध्येच सोडल्यास आहार आणि व्यायाम या दोन्हींचा उपयोग उरत नाही. एसटीने प्रवास करावयाचा म्हणून लघवीची गोळी टाळणे, बरे वाटले म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करणे या गोष्टी नित्याच्या आहेत. गोळीची वेळ बदलता येते काय, हे डॉक्टरांना विचारावे. ती परस्पर सोडू नये. बीडच्या कडक उन्हाळ्यात जुलाब, उलट्या किंवा फार घाम होऊन घेरी येत असेल, तरीही लगेच सल्ला घ्यावा, कारण त्या काळात औषधांचे प्रमाण बदलावे लागू शकते.

हंगामापूर्वीची शिदोरी

जिल्ह्यात आरोग्याची साधने पूर्वीच्या मानाने वाढली आहेत. अंबाजोगाई येथे १९७४ मध्ये सुरू झालेले आणि स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव धारण करणारे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, बीडचे जिल्हा रुग्णालय, तालुक्यांची ग्रामीण रुग्णालये आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे यांचे जाळे उभे आहे. वृद्धांच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून अस्तित्वात आला. तथापि, घरातून आरोग्य केंद्रापर्यंतची वाट कोणीतरी वृद्धाचा हात धरून चालावी लागते, आणि हात धरणारा तर फडावर गेलेला असतो.

यासाठी जाण्यापूर्वीच काही व्यवस्था करून ठेवणे शक्य आहे. मुलाने किंवा सुनेने आई-वडिलांना एकदा आरोग्य केंद्रात न्यावे. सूज नसतानाचे वजन, दंडाचा घेर आणि रक्तदाब यांची नोंद करून घ्यावी. औषधे संपण्याच्या तारखा वहीत लिहाव्यात आणि ती कोण आणून देणार हे ठरवावे. डाळ, शेंगदाणे आणि सोयाबीन यांचा वृद्धांपुरता साठा वेगळा ठेवावा. घरात वजनकाटा असेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाने रोज सकाळी आजीचे वजन वहीत लिहावे. एवढे काम तिसरी-चौथीतील मूलही उत्तम करते. तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले, तर अंगात पाणी साठत आहे असे समजून त्याच दिवशी आशा कार्यकर्तीला कळवावे. महिन्यागणिक वजन उतरत असेल, दंडाचा घेर घटत असेल, तर ती स्नायुक्षयाची सूचना होय. शेजारच्या दोन-तीन घरांतील वृद्धांनी एकत्र जेवण्याची प्रथा पाडली, तर चूलही पेटते आणि चार घासही अधिक जातात. गावातील बचत गटांना हे कार्य सहज हाती घेता येईल.

फडावरून येणाऱ्या फोनवर बहुधा 'बरे आहे का?' एवढेच विचारले जाते आणि 'बरे आहे' एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी 'आज वजन किती भरले? खाटेवरून हाताशिवाय उठता येते का? वरण खाल्ले का?' असे तीन प्रश्न विचारले, तर पाडव्याला घरी परतणाऱ्या मुलाला दारात उभी राहून त्याची वाट पाहणारी आई दिसण्याची शक्यता निश्चितच वाढेल.